मंडणगडचा पाऊस किती वर्षांचा?

रत्नागिरी जिल्ह्याच्या पावसाची यादी वर्तमानपत्रात छापून येते तेव्हा पहिलं नाव मंडणगडचं असतं. मग दापोली, खेड, गुहागर, चिपळूण, संगमेश्वर, रत्नागिरी, लांजा आणि शेवटी राजापूर. प्रत्येक नावापुढे गेल्या चोवीस तासांतला पाऊस मिलिमीटरमध्ये, शेजारी १ जूनपासूनची बेरीज आणि तळाला एक ओळ: आजवर सरासरीच्या इतके टक्के. आगोट सरली, पाऊस लागला की कोकणातली माणसं ही यादी नित्यनेमाने वाचतात. मुंबईतला चाकरमानीही गावच्या आकड्यावर नजर टाकल्याशिवाय राहत नाही. आकड्यावर बोलणं होतं. पण आजचा पाऊस ज्या सरासरीशी ताडून पाहायचा, ती किती वर्षांच्या मोजणीतून आली, हे क्वचितच कुणी विचारतं. मला त्या यादीतला सगळ्यात मोलाचा प्रश्न तोच वाटतो. हवामान बदलतंय का, पूल किती उंच बांधायचा, आंब्याच्या विम्याचे पैसे मिळणार की नाही, या सगळ्यांची उत्तरं शेवटी त्याच प्रश्नावर येऊन थांबतात.

मंडणगड हा जिल्ह्याचा उत्तर टोकाचा तालुका. उत्तरेला सावित्री नदी आणि तिची बाणकोटची खाडी, पलीकडे रायगड जिल्हा. दक्षिणेच्या अंगाला भारजा नदी, पश्चिमेला बाणकोट-वेळासचा किनारा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या कोठारात हातभर तोंडाचं भांडं ठेवून पाऊस मोजायला सांगितलं आहे. कोणत्या देशात किती द्रोण पाऊस पडतो याचे आकडेही तिथे दिले आहेत. अश्मक आणि अवंतीला नेमका आकडा मिळतो. अपरांताच्या, म्हणजे आपल्या कोकणाच्या पावसाला मात्र मोजमाप नाही असं म्हणून ग्रंथकार पुढे जातो. दोन हजार वर्षांपूर्वी हे चालून गेलं असेल. आज तो पाऊस मोजणं आणि वर्षानुवर्षं मोजत राहणं, याला पर्याय नाही.

एवढा भरवशाचा पाऊस, तर चार-पाच वर्षं मोजला म्हणजे सरासरी कळेलच, असं वाटू शकतं. तसं होत नाही. समजा एका ठिकाणचा खरा सरासरी पाऊस ३,५०० मिलिमीटर आहे आणि वर्षावर्षांतला नेहमीचा चढउतार ७०० मिलिमीटरचा आहे. म्हणजे दर तीन वर्षांपैकी साधारण दोन वर्षं २,८०० ते ४,२०० च्या मध्ये पडतात. हे आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, पण कोकणाला ते फारसे परके नाहीत. आता तिथे फक्त पाच वर्षं पाऊस मोजला, तर हाती आलेली सरासरी खऱ्या सरासरीपासून तीनशे-सव्वातीनशे मिलिमीटर इकडे-तिकडे असणं अगदी सहज शक्य आहे. दहा वर्षं मोजला तर ही चूक सव्वादोनशेच्या आसपास येते, तीस वर्षांनी सव्वाशेवर, शंभर वर्षांनी सत्तरवर. वर्षं दुप्पट केली म्हणून चूक निम्मी होत नाही. ती निम्मी करायची तर वर्षं चौपट करावी लागतात. संख्याशास्त्राचा हा नियम कठोर आहे आणि त्यातून कुणाची सुटका नाही.

सरासरीचं एवढ्यावर भागतं. पाऊस वाढतोय की घटतोय, हे ठरवायचं असेल तर नियम आणखी कडक होतो. वरच्याच ठिकाणी दहा वर्षांच्या नोंदीतून कल काढला, तर त्यातली चूक दर दशकाला सुमारे पावणेआठशे मिलिमीटर निघते. म्हणजे पाऊस मुळीच बदलला नसला तरी कागदावरची रेषा झरझर चढताना किंवा कोसळताना दिसू शकते. तीस वर्षांच्या नोंदीत ही चूक दशकाला दीडशेवर येते, शंभर वर्षांच्या नोंदीत पंचवीसच्या आसपास. पाऊस खरोखरच दर दशकाला पन्नास मिलिमीटरने वाढत असेल, तर एकट्या त्या ठिकाणच्या आकड्यांवरून ते खात्रीने म्हणायला जवळपास शतकभराची वही लागेल. म्हणून गेल्या आठ-दहा वर्षांत आमच्याकडचा पाऊस असा झाला, तसा झाला, असं कुणी सांगितलं की मी ते अनुभव म्हणून आदराने ऐकते. हवामानबदलाचा पुरावा म्हणून ते घेता येत नाही.

माणसाची आठवण याहून लांब असते, पण ती निवडून साठवते. मृगाला पाऊस हमखास यायचा, तरवा वेळेवर रुजायचा, असं गावातली जुनी माणसं सांगतात ते खोटं नसतं. पण मृग कोरडे गेले ती वर्षं आठवणीतून गळून जातात आणि २००५ किंवा २०२१ सारखी वर्षं कायमची कोरली जातात. नोंदवहीला आवडनिवड नसते. तिच्यात शून्य मिलिमीटरचा दिवसही तितक्याच निगुतीने लिहिलेला असतो.

तीस वर्षांचा आकडा नेहमी कानावर पडतो. तो निसर्गाने दिलेला नाही, माणसांनी ठरवला आहे. आंतरराष्ट्रीय हवामान संघटनेच्या १९३५ च्या वॉर्सा परिषदेत तुलनेसाठी १९०१ ते १९३० हा काळ निवडला गेला आणि तेव्हापासून तीस वर्षांची सरासरी हे जगाचं माप झालं. आता ती दर दहा वर्षांनी पुढे सरकवतात. सध्या १९९१ ते २०२० चा काळ चालतो. हवामानबदल मोजायला मात्र १९६१ ते १९९० ची जुनी सरासरी जपून ठेवली आहे, कारण मोजपट्टीच सतत सरकत राहिली तर आपण किती सरकलो ते कळणार कसं?

भारतीय मोसमी पावसाला तीस वर्षं अपुरी पडतात, असं आपल्या हवामान विभागाला वाटत आलं आहे. म्हणून देशाच्या पावसाची दीर्घकालीन सरासरी पन्नास वर्षांवर काढतात. १९६१ ते २०१० या काळाची जून-सप्टेंबरची सरासरी ८८०.६ मिलिमीटर होती. एप्रिल २०२२ मध्ये ती बदलून १९७१ ते २०२० ची घेतली, तेव्हा आकडा ८६८.६ झाला. बारा मिलिमीटर कमी. देशाचा पाऊस कायमचा आटू लागला, असा याचा अर्थ नव्हता. विभागाने तेव्हाच सांगितलं की आपल्या पावसाला काही दशकांचे कोरडे आणि ओले टप्पे असतात: १९०१ ते १९२० कोरडा, १९२१ ते १९७० ओला, त्यानंतर पुन्हा कोरडा. साठच्या दशकातली ओली वर्षं हिशेबातून बाहेर पडली आणि सरासरी उतरली. ओल्या टप्प्यात कुणी मोजायला सुरुवात करून तीस वर्षांनी थांबला असता, तर त्याला भारत आहे त्याहून ओला दिसला असता. तीस वर्षं मोजूनही निसर्गाचा एकच टप्पा हाती येऊ शकतो. देशाच्या पावसाची जी मालिका सगळे मानतात, ती पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने देशभरातली ३०६ स्थानकं निवडून १८७१ पासून बांधली, म्हणून तर हे टप्पे दिसले.

सरासरी चुकली तर अंदाज थोडा बिघडतो. टोकाचा पाऊस चुकला तर माणसं जातात. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते आणि पोलादपूर, महाड करत बाणकोटला समुद्राला मिळते. घाटमाथ्यावर काय पडलं ते काही तासांत मंडणगडच्या वेशीवरून वाहत जातं. २२ जुलै २०२१ च्या सकाळपासून २३ च्या सकाळपर्यंत महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवसांत महाड आणि चिपळूण बुडाले आणि तळिये गावावर दरड कोसळली. त्याआधी २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला होता. म्हाप्रळ आणि आंबेत यांच्यामध्ये खाडी ओलांडणाऱ्या पुलासारखा पूल बांधायचा असेल तर अभियंत्याला विचारावंच लागतं: शंभर वर्षांत एकदा येणारा पूर केवढा?

शंभर वर्षांत एकदा, म्हणजे दर शंभराव्या वर्षी नेमाने, असा गैरसमज सर्रास असतो. अर्थ एवढाच की कोणत्याही एका वर्षी तो यायची शक्यता शंभरात एक. मग दहा वर्षांची नोंद असलेल्या केंद्राने असा पूर एकदाही पाहिलेला नसण्याची शक्यता नव्वद टक्के. तीस वर्षांच्या केंद्राने न पाहण्याची शक्यताही चौऱ्याहत्तर टक्के. इतकंच काय, पूर्ण शंभर वर्षं मोजणाऱ्यालाही तो दिसेलच असं नाही. तो हुकण्याची शक्यता तिथेही सुमारे सदतीस टक्के उरते. नोंद आखूड असली की शंभर वर्षांचा पूर हा मोजलेला आकडा राहत नाही. तो गणिताच्या सूत्राने पुढे ताणलेला अंदाज असतो, आणि जितकं ताणू तितकी त्यातली चूक वाढते. एक वेडं वर्ष यादीत आलं किंवा यादीतून सुटलं, तरी पुलाची उंची बदलू शकते.

मंडणगडकरांनी ही गोष्ट वाऱ्याच्या बाबतीत अनुभवली. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या परिसरात किनाऱ्यावर आलं आणि मंडणगड-दापोलीतली नारळी-पोफळीची, आंबा-काजूची बागायत काही तासांत झोपली. विजेचे खांब, घरांचे पत्रे, कौलं, काही उरलं नाही. पिढ्यांनी लावलेली कलमं मुळासकट उपटली गेली, आणि तसं झाड पुन्हा उभं करायला पंधरा-वीस वर्षं जातात. त्या दिवसांत बातम्यांमधून एक वाक्य सारखं येत होतं: जूनमध्ये महाराष्ट्रावर असं वादळ १८९१ नंतर पहिल्यांदाच. ऐकणाऱ्याला वाटलं, १८९१ साली असंच काही घडलं असणार. प्रत्यक्षात १८९१ हे हवामान विभागाच्या चक्रीवादळांच्या सलग यादीचं पहिलं साल आहे. यादी तिथे सुरू होते. त्याआधी काय घडलं, याबद्दल ती गप्प आहे. शिवाय यादीतली साठच्या दशकाआधीची वर्षं उपग्रह नसतानाची आहेत. भर समुद्रात उठून तिथेच विरलेली वादळं जहाजाच्या वाटेत आली तरच कळायची. तेव्हा पूर्वी अरबी समुद्रात वादळं कमी होती, असं या यादीवरून म्हणताना जपून म्हणावं लागतं. नोंद लांब आहे, पण तिच्या दोन टोकांना पाहणारे डोळे सारखे नाहीत.

लांब नोंद खोट्यालाही वेसण घालते. १८८२ साली मुंबईवर प्रचंड चक्रीवादळ येऊन लाखभर माणसं मेली, ही गोष्ट अनेक पुस्तकांत आणि याद्यांत वर्षानुवर्षं छापली जात होती. अलीकडच्या संशोधकांनी तपास केला तेव्हा तसं वादळ झालंच नव्हतं असं निघालं. कुलाब्याची वेधशाळा तेव्हा वाऱ्याचे आणि हवेच्या दाबाचे वेध रोज घेत होती. एवढं मोठं संकट शहरावरून गेलं आणि वेधशाळेच्या वहीत त्याचा मागमूस नाही, हे शक्यच नाही. वही नसती तर ती लाख माणसं आजही कागदोपत्री मरतच राहिली असती.

आखूड नोंदीचा सगळ्यात मोठा सापळा मात्र अंदाज बांधणाऱ्यांसाठी असतो. भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ ची. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांना १८७७ च्या भीषण दुष्काळानंतर एक संबंध दिसला: हिमालयात बर्फ जास्त पडला की पुढचा पाऊस कमी. त्यांच्या हाती तेव्हा मोजक्याच वर्षांची माहिती होती. त्या आधाराने त्यांनी काही वर्षं बरोबर अंदाजही दिले, पण पुढे हा संबंध तितका पक्का राहिला नाही. १९०४ मध्ये आलेले गिल्बर्ट वॉकर गणिती होते. त्यांनी जगभरच्या केंद्रांची दाबाची, पावसाची, तापमानाची आकडेवारी एकमेकांशी पडताळून पाहिली आणि त्यातून प्रशांत महासागराच्या दोन बाजूंच्या दाबातलं हेलकावणं सापडलं. आज एल निनोच्या जोडीने ज्याचं नाव घेतात तोच हा दक्षिणी दोलनाचा शोध. तो जन्मला भारतीय पावसाच्या काळजीतून. त्याच वॉकरनी इशारा दिला होता की शेकडो जोड्या पडताळल्या तर त्यातल्या काही नुसत्या योगायोगानेही घट्ट दिसतील, आणि वर्षं थोडी असली की हा धोका वाढतो.

त्या इशाऱ्याची किंमत आपण फार पुढे मोजली. वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ पासून सोळा घटकांचं प्रारूप वापरात आणलं. त्याचे अंदाज बरीच वर्षं ठीक ठरले. लागोपाठ अनेक वर्षं पाऊसही सरासरीच्या आसपास होत होता. मग २००२ उजाडलं. अंदाज सामान्य पावसाचा होता, आणि जुलै महिन्यात देशात सरासरीच्या निम्म्याच्या आसपास पाऊस झाला. हंगामाची तूट एकोणीस टक्क्यांवर गेली. पुढच्याच वर्षी प्रारूप बदलावं लागलं. गोवारीकरांचं काम मोठंच होतं, त्याने अंदाजशास्त्राला आपल्या देशात नवी उभारी दिली. पण काही दशकांच्या आकड्यांत दिसलेले संबंध पुढच्या दशकांत तसेच राहतील, हा भरवसा कुणालाच देता येत नाही. १९९७ मध्ये शतकातल्या सगळ्यात जोरदार एल निनोंपैकी एक असूनही भारतात पाऊस सरासरीइतका झालाच होता. संबंध सैल पडू शकतात, हे कळायलाही लांब नोंदच लागते.

म्हणून जितकी जुनी तितकी बरी, असं सरळ म्हणता येतं का? नाही. मध्य इंग्लंडची तापमानाची मालिका १६५९ पासूनची, जगातली सगळ्यात लांब. पण ती ज्यांनी जोडली त्या गॉर्डन मॅन्ली यांनी सुरुवातीच्या वर्षांचे आकडे अर्ध्या किंवा पूर्ण अंशातच दिले, कारण त्याहून बारीक सांगण्याइतकी ती उपकरणं विश्वासाची नव्हती. लिबियातल्या अल अझिझियाचं १९२२ चं ५८ अंश तापमान नव्वद वर्षं जागतिक विक्रम म्हणून पाठ्यपुस्तकांत राहिलं. २०१२ मध्ये जागतिक हवामान संघटनेने ते रद्द केलं. तिथे नवखा निरीक्षक होता आणि त्याने उपकरण वाचताना चूक केली असावी, असा निष्कर्ष निघाला. आपल्या नागपुरात मे २०२४ च्या अखेरीस एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. संवेदक बिघडला होता. आसपासच्या जुन्या, तपासलेल्या नोंदी हाताशी होत्या म्हणून हवामान विभागाला तो आकडा लगेच नाकारता आला.

पाऊस मोजायच्या साधनाचंही तसंच. साधा पर्जन्यमापक म्हणजे मोकळ्या जागी, जमिनीपासून फूटभर उंचीवर बसवलेलं नरसाळं आणि खाली साठवणीचं भांडं. रोज सकाळी साडेआठला साठलेलं पाणी मापून वहीत लिहायचं. शेजारच्या झाडापासून किंवा भिंतीपासून तिच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर हवं. कोकणात झाड वाढायला वेळ लागत नाही. दहा वर्षांपूर्वी मोकळी असलेली जागा आज फणसाच्या सावलीत गेली, तर पाऊस न घटताही आकडा घटतो. कचेरीची नवी इमारत झाली, मापक मागच्या अंगणात हलवला, पण वहीत तसं लिहिलं नाही, की पन्नास वर्षांनी कुणी अभ्यासक त्या उडीला हवामानबदल म्हणेल. स्वयंचलित केंद्रात आत दोन छोट्या वाट्या असतात. एक भरली की कलंडते, दुसरी पुढे येते, आणि प्रत्येक कलंडणं मोजलं जातं. पाऊस धो-धो कोसळू लागला की कलंडताना पाणी निसटतं आणि मोजणी कमी भरते. पालापाचोळा अडकला, मुंग्यांनी घर केलं, तरी तेच.

आणि जागा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याच दिवशी कुलाब्याला ७३. दोन्ही केंद्रं मुंबईतलीच. कुलाब्याच्या पावसाची मालिका १८४७ पासूनची, देशातल्या अत्यंत मौल्यवान मालिकांपैकी एक. पण त्या दिवशी तिच्यात जे लिहिलं गेलं त्यावरून उपनगरांत काय घडलं हे कधीच कळलं नसतं. एका बिंदूची दीड शतकांची नोंद त्या बिंदूची असते. घाटाच्या कुशीत हे आणखी खरं आहे. महाबळेश्वरच्या तुलनेत शेजारच्या पाचगणीला निम्म्याहून कितीतरी कमी पाऊस, आणि घाट उतरून वाईला गेलं तर तो हजार मिलिमीटरच्याही आत. मंडणगड तालुक्यातही बाणकोटची खाडी आणि आतला डोंगरी भाग एका आकड्यात मावणार नाही.

म्हणून केंद्रं वाढवणं योग्यच होतं. महाराष्ट्र शासनाच्या महावेध प्रकल्पात २०१७ च्या सुमारास राज्यातल्या महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं बसवली गेली, दोन हजारांहून अधिक. पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा. तालुक्याचा एकच आकडा घेऊन बसण्यापेक्षा हे फार पुढचं पाऊल आहे. पण या केंद्रांचं वय अजून कोवळं आहे, आणि त्यांच्यावर जबाबदारी मात्र पूर्ण वाढीची टाकली आहे. आंबा-काजूच्या हवामानावर आधारित फळपीक विम्यात अवेळी पाऊस, तापमान, वेगाचा वारा यांच्या ठरलेल्या मर्यादा ओलांडल्या की भरपाई, आणि ओलांडल्या की नाही हे त्या मंडळातलं केंद्र सांगणार. एका डोंगराआड अवेळी सरीने मोहोर काळा पडला आणि केंद्रावर थेंब पडला नाही, तर शेतकऱ्याच्या हाती काही येत नाही. मर्यादा कुठे ठेवायची आणि हप्ता किती घ्यायचा, हे ठरवतानाही अशी सर किती वर्षांतून एकदा येते ते माहीत हवं. सात-आठ वर्षांच्या वहीतून ते कुणालाच सांगता येणार नाही.

अतिवृष्टीचा निकषही असाच. मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी. मराठवाड्यात हा मोठा पाऊस आहे. मंडणगडला जुलैत असे दिवस एकापाठोपाठ एक येतात आणि भातलावणी चालूच राहते. इथल्या भाताला, बागेला, घराला नेमका कोणत्या आकड्यापासून धोका सुरू होतो, हे इथल्याच लांब नोंदीतून काढायला हवं.

तरुण केंद्राला जुनं कसं करायचं, याचं उत्तर मंडणगडहून फार लांब नाही. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम सुरू होणार, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ठरलं आणि कुलाब्याच्या वेधशाळेतले चुंबकीय वेध धोक्यात आले, कारण ट्रामच्या प्रवाहाने होकायंत्रं ढळली असती. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय फ्रामजी मूस यांनी अलिबागला नवी वेधशाळा उभी केली आणि बांधकामात लोखंड येऊ दिलं नाही. पण त्यांचं खरं शहाणपण पुढचं. जुनी बंद करून नवी सुरू करण्याऐवजी १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी चालू ठेवली. दोन्हींतला फरक त्यामुळे नेमका कळला आणि कुलाब्याची १८४० च्या दशकापासूनची मालिका अलिबागच्या मालिकेत न तुटता जोडली गेली. जगातले अभ्यासक ती आजही वापरतात.

मला महाराष्ट्राकडून हेच हवं आहे. तालुक्याच्या कचेऱ्यांतले जुने पर्जन्यमापक आता यंत्र आलं म्हणून बाजूला सारू नयेत. नवी केंद्रं आणि जुने मापक निदान काही पावसाळे शेजारी-शेजारी चालावेत, म्हणजे दोन्हींतला फरक मोजता येईल आणि जुन्या वहीची वर्षं नव्या केंद्राला उधार मिळतील. आंतरराष्ट्रीय पातळीवर जुन्या नोंदी वाचवायचं काम मोठ्या प्रमाणात चालू आहे. हवामान विभागाने पुण्यात राष्ट्रीय विदा केंद्र उभं केलं आहे, आणि १९०१ पासूनच्या ६,९५५ पर्जन्यमापकांच्या नोंदी जोडून देशाचा रोजचा पाऊस चौकटी-चौकटींत मांडला आहे. त्या साऱ्या मापकांची वर्षं सारखी नाहीत, काही मध्येच बंद पडले, काही उशिरा आले. तरी असे तुकडे जोडता आले म्हणून मध्य भारतात अतिमुसळधार पावसाच्या घटना वाढल्या, हे २००६ मध्ये भूपेंद्रनाथ गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९५१ ते २००० च्या आकड्यांतून दाखवता आलं. एका केंद्राला जे सांगायला शतक लागतं, ते शेकडो केंद्रं मिळून अर्ध्या शतकात सांगू शकतात, आणि यासाठीही त्यातली प्रत्येक वही अखंड असावी लागते.

वहीच्याही मागे जाता येतं. जॉर्ज अ‍ॅडमसन आणि डेव्हिड नॅश यांनी ईस्ट इंडिया कंपनीची पत्रं, वर्तमानपत्रं, खासगी टिपणं वाचून मुंबईला मोसमी पाऊस कधी पोहोचला याची १७८१ पासूनची मालिका उभी केली. पेशवे दफ्तरातल्या मोडी कागदांत पाऊस न झाल्याने सारावसुलीत दिलेली सूट, पुरात वाहून गेलेली खाचरं, यांचे उल्लेख पडून आहेत. बाणकोट अठराव्या शतकाच्या मध्यापासून इंग्रजांकडे होतं. तिथल्या कारभाराच्या कागदांत समुद्राचं आणि आभाळाचं काहीबाही लिहिलं गेलं असणारच. मोडी वाचणारा एक आणि हवामान जाणणारा एक, अशी जोडी या कामाला बसायला हवी.

महावेधच्या केंद्रांची तीस वर्षं २०४७ च्या सुमारास भरतील. तोवर दर पावसाळ्यात मंडणगडच्या कचेरीतल्या वहीत पावसाच्या आकड्याशेजारी आणखी एक रकाना असावा: मापक हलवला का, कुणी मोजलं, जवळ काही बांधलं का, झाड वाढलं का, यंत्र किती दिवस बंद होतं, आणि त्या प्रत्येकाची तारीख.